ग्लुटेनमुक्त बिस्किट : चव, विश्वास आणि अन्नधोरण

भारतातील पाकीटबंद खाद्यपदार्थांमध्ये बिस्किटाइतका दूरवर पोहोचलेला पदार्थ क्वचितच आढळेल. महानगरातील मोठे विक्रीकेंद्र असो, रेल्वेचा फलाट असो की डोंगरातील वाडीवरचे एकमेव दुकान असो, बिस्किटाचा पुडा तेथे असतोच. रात्री जागून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दिनक्रमातही चहा आणि दोन बिस्किटे यांचे स्थान ठरलेले असते. इतक्या सहज मिळणाऱ्या या पदार्थाला समाजातील एका घटकाला मात्र हातही लावता येत नाही. हा घटक म्हणजे सिलिअ‍ॅक रोगाने ग्रस्त असलेल्या व्यक्ती. त्यांना खाता येईल आणि खावेसे वाटेल असे बिस्किट बाजारात मिळवणे ही वरकरणी क्षुल्लक, घरगुती अडचण वाटते. परंतु तिच्या मुळाशी गेल्यास सार्वजनिक आरोग्य, अन्नप्रक्रिया, ग्राहकहक्क आणि धान्यधोरण असे चार विषय एकमेकांत गुंतलेले दिसतात. त्यांचा क्रमाने विचार करू.

रोगाचे स्वरूप

सिलिअ‍ॅक रोग ही गव्हाची साधी अ‍ॅलर्जी नव्हे, तसेच ते नुसते अपचनही नव्हे. हा स्वयंप्रतिकार विकार आहे. गहू, जव आणि थंड प्रदेशांत पिकणारे राय या तृणधान्यांतील ठरावीक प्रथिनांच्या समूहाला सर्वसाधारणपणे ग्लुटेन म्हटले जाते. या प्रथिनांचे पूर्ण पचन होत नाही. त्यांचे काही अंश लहान आतड्याच्या अस्तरात पोहोचतात. जनुकीय प्रवणता असलेल्या व्यक्तींत त्या अंशांविरुद्ध शरीराची प्रतिकारयंत्रणा सक्रिय होते आणि त्या लढ्यात आतड्याच्या अस्तराचेच नुकसान होते. अन्नरस शोषून घेणारे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. परिणामी लोह, कॅल्शियम, फोलेट यांसारखे पोषक घटक अन्नात असूनही शरीराला पुरेसे मिळत नाहीत.

दीर्घकाळचे जुलाब, पोट फुगणे, वजन न वाढणे, मुलांची उंची खुंटणे ही या रोगाची परिचित लक्षणे होत. मात्र अनेक रुग्णांत पोटाची तक्रार फारशी नसते. लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा रक्तक्षय एवढेच लक्षण असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत आणि ६ ते ५९ महिने वयाच्या ६७.१ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. या मोठ्या संख्येची प्रमुख कारणे अर्थातच वेगळी आहेत. परंतु या गर्दीत सिलिअ‍ॅकचा रुग्ण सहज झाकला जातो, हेही तितकेच खरे. रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांची चाचणी आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाची बायोप्सी यांच्या आधारे निदान केले जाते. निदानापूर्वीच गहू बंद केल्यास चाचणीचा निष्कर्ष चुकीचा येऊ शकतो, म्हणून स्वतःच्या मनाने पथ्य सुरू करणे योग्य नव्हे.

गहू आणि भारत

हा रोग युरोपीय वंशाच्या लोकांपुरताच मर्यादित आहे, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. दिल्ली परिसरात झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लोकसंख्याधारित अभ्यासाने ती दूर केली. त्यात सिलिअ‍ॅकचे प्रमाण १.०४ टक्के, म्हणजे सुमारे ९६ व्यक्तींमागे एक असे आढळले. त्यानंतर देशाच्या तीन विभागांत २३ हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी करण्यात आली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार रोगाचे प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्य भारतात ०.८७ टक्के आणि दक्षिण भारतात ०.१० टक्के होते.

या आकड्यांमागील कारण विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. रोगाला अनुकूल ठरणाऱ्या जनुकांचे प्रमाण तिन्ही विभागांत जवळपास सारखे होते. गव्हाचे दैनंदिन सेवन मात्र उत्तरेत सरासरी ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७ ग्रॅम आणि दक्षिणेत २५ ग्रॅम एवढे भिन्न होते. ईशान्येतील प्रमाणाचा उलगडा केवळ गव्हाच्या सेवनाने होत नाही. तरीही उत्तर आणि दक्षिण यांच्यातील अंतर पाहता ताटातील धान्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

हरितक्रांतीपूर्वी, १९६४-६५ मध्ये, देशाचे गव्हाचे उत्पादन सुमारे १ कोटी २० लाख टन होते. १९७० च्या सुमारास ते २ कोटी टनांवर गेले आणि आज ते ११ कोटी टनांच्या पुढे आहे. या गव्हाने देशाला दुष्काळाच्या छायेतून बाहेर काढले, हे निर्विवाद. त्याचबरोबर ज्वारी, बाजरी, नाचणी खाणाऱ्या प्रदेशांतही पोळी, पाव आणि बिस्किट रुजले. बहुसंख्यांसाठी हा बदल सोयीचा ठरला. ज्यांच्या शरीराला ग्लुटेन सोसत नाही, त्यांच्यासाठी मात्र घराबाहेरचे जवळजवळ प्रत्येक खाणे संशयास्पद झाले.

आहार हेच औषध

सिलिअ‍ॅकचा आहाराशी संबंध आहे, हा विचार १८८८ मध्ये लंडनचे वैद्य सॅम्युअल गी यांनी मांडला होता. पण दोषी धान्य कोणते, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्याचे उत्तर नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी दिले. गव्हाविषयीची त्यांची शंका दुसऱ्या महायुद्धापूर्वीची होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात भीषण अन्नटंचाई निर्माण झाली आणि पाव दुर्मीळ झाला. इतर सारे उपासमारीने खंगत असताना सिलिअ‍ॅकग्रस्त मुलांची प्रकृती मात्र सुधारली आणि पाव परत मिळू लागताच ती पुन्हा ढासळली. डिके यांनी १९५० मध्ये आपला प्रबंध सादर केला आणि ग्लुटेनमुक्त आहाराचा शास्त्रीय पाया घातला गेला.

आजही या रोगावर आजन्म ग्लुटेनमुक्त आहार हाच प्रस्थापित उपचार आहे. गोळी कडू असली तरी क्षणात गिळता येते. जेवण मात्र दिवसातून तीनदा आणि आयुष्यभर घ्यावे लागते. म्हणूनच येथे चवीला वैद्यकीय महत्त्व प्राप्त होते. पथ्य मोडते ते बहुधा अज्ञानामुळे नव्हे. ते मोडते मधल्या सुट्टीत, सहलीत, लग्नघरी आणि वसतिगृहात. वर्गमित्राच्या वाढदिवसाला सर्वांच्या हातात केक असताना दहा वर्षांच्या मुलाने भुशासारखे कोरडे बिस्किट चघळत बसावे, ही अपेक्षा फार दिवस टिकत नाही. एकदा चोरून खाल्ल्याने लगेच त्रास होईलच असे नाही, त्यामुळे मोह वाढतो. आतड्याचे नुकसान मात्र निमूटपणे चालू राहते. चविष्ट ग्लुटेनमुक्त कुकी ही या दृष्टीने चैनीची वस्तू नसून पथ्य टिकवण्याचे साधन आहे.

मोहन आणि खुसखुशीतपणा

ग्लुटेनविरहित पाव करणे अवघड, पण ग्लुटेनविरहित कुकी करणे तुलनेने सोपे असते. याचे कारण पिठाच्या गुणधर्मांत आहे. गव्हाचे पीठ पाण्यात मळले की ग्लुटेनचे लवचीक जाळे तयार होते. पाव फुगतो तो या जाळ्यात वायू अडकून राहिल्यामुळे. कुकीला असे जाळे नको असते. शंकरपाळ्यांच्या पिठात कडकडीत तुपाचे मोहन घालणारी गृहिणी नेमके हेच साधते. पिठाच्या कणांवर स्निग्धतेचे आवरण चढते, पाणी आत शिरत नाही, जाळे जमत नाही आणि पदार्थ चिवट न होता खुसखुशीत होतो. जेथे ग्लुटेनला मुद्दाम रोखायचे असते, तेथे ते मुळातच नसले तर फारसे बिघडत नाही.

तरीही दुकानातील अनेक ग्लुटेनमुक्त कुकी निराशा करतात. त्यांचा दोष बहुधा एकाच पिठावर विसंबण्यात असतो. नुसत्या तांदळाच्या पिठाची कुकी रवाळ आणि कोरडी लागते. नुसत्या मक्याच्या किंवा साबुकंदाच्या स्टार्चची कुकी कुरकुरीत होते, पण तिला स्वतःची चव नसते. बाजरीच्या पिठातील स्निग्धांश लवकर खवट होतो, त्यामुळे साठवणीत कडवटपणा येतो. याउलट नाचणीचा खमंगपणा कोकोशी चांगला जुळतो, बेसनाला भाजल्यावर दाण्यांसारखा स्वाद येतो, तर बदाम, काजू किंवा खोबऱ्याची पूड ओलावा आणि भरीवपणा देते. यांतील दोन-तीन पिठांचे मिश्रण आणि त्यांना बांधून ठेवणारा एखादा घटक असला की कुकी तुटून भुगा होत नाही.

हा बांधणारा घटक म्हणून जगभरच्या ग्लुटेनमुक्त पदार्थांत इसबगोल आणि गवारीचा डिंक यांचा वापर होतो. इसबगोलाच्या उत्पादनात आणि निर्यातीत भारत जगात अग्रस्थानी असून गुजरातमधील उंझा ही त्याची प्रमुख बाजारपेठ आहे. गवारीच्या डिंकाचा मोठा वाटा राजस्थानातून येतो. परदेशी ग्लुटेनमुक्त पदार्थांना आकार देणारा कच्चा माल असा आपल्याच कोरडवाहू शेतात पिकतो.

पुड्याची मागची बाजू

चवीच्या आधी प्रश्न येतो विश्वासाचा. 'नाचणी बिस्किट', 'ज्वारी कुकी', 'बहुधान्य' अशी ठळक अक्षरे पुड्याच्या दर्शनी बाजूवर असतात. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक असल्याने खरी माहिती मागच्या बाजूला मिळते. तेथे पुष्कळदा पहिले नाव गव्हाच्या पिठाचे किंवा मैद्याचे असते आणि नाचणी मागाहून येते. 'मैदाविरहित' हा शब्दही पुरेसा नाही, कारण त्यात कणीक असू शकते. मैदा, रवा, दलिया, कोंडा ही सारी गव्हाचीच रूपे होत. माल्ट हा घटक सामान्यतः जवापासून बनतो आणि चॉकलेटच्या बिस्किटांत किंवा न्याहारीच्या पोह्यांत आढळतो. ओट्स बहुतेक रुग्णांना सोसतात. परंतु शेतात, वाहतुकीत आणि गिरणीत त्यांत गहू मिसळण्याची शक्यता मोठी असल्याने खास ग्लुटेनमुक्त म्हणून प्रमाणित केलेले ओट्सच वापरावे लागतात.

'ग्लुटेनमुक्त' या शब्दाला कायद्याने निश्चित अर्थ आहे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ खाली स्थापन झालेल्या भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या मानकानुसार अशा पदार्थात ग्लुटेनचे प्रमाण दर किलोग्रॅमला २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. २००८ मध्ये सुधारलेल्या कोडेक्सच्या आंतरराष्ट्रीय मानकातही हीच मर्यादा आहे. तसेच २०२० च्या वेष्टनावरील माहितीविषयक विनियमांनी ग्लुटेनयुक्त तृणधान्यांचा उल्लेख अ‍ॅलर्जीकारक घटक म्हणून स्वतंत्रपणे करणे आवश्यक ठरवले आहे.

या मर्यादेचा अर्थ एका साध्या गणिताने स्पष्ट होतो. मानकात बसणाऱ्या ५० ग्रॅम कुकींतून जास्तीत जास्त १ मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जाते. उलट १ ग्रॅम मैद्यात सुमारे ८० मिलिग्रॅम ग्लुटेन असते आणि दररोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेनही काही महिन्यांत आतड्याला इजा करू शकते, असे संशोधनात दिसून आले आहे. म्हणजे परातीला चिकटून राहिलेली चिमूटभर कणीक नगण्य मानता येत नाही. बेकरीतील काचेच्या बरणीतली सुटी बिस्किटे याच कारणामुळे धोक्याची ठरतात. कृती बिनगव्हाची असली तरी पत्रा, भट्टी आणि हवेत उडणारा मैदा हे सर्व पदार्थांना सामाईक असतात.

फराळाचा आणि उपवासाचा वारसा

नाव परदेशी नसले तरी कुकीच्या जवळ जाणारे कितीतरी बिनगव्हाचे पदार्थ भारतात परंपरेने चालत आले आहेत. तमिळनाडूतील थूथुकुडीचे मॅकरून काजू, साखर आणि अंड्याचा पांढरा भाग यांपासून बनते. केरळचे फुलासारखे अच्चप्पम तांदळाच्या पिठाचे आणि नारळाच्या दुधाचे असते. महाराष्ट्रातील अनारसे तांदूळ, गूळ आणि खसखस यांचे असतात. उपवासाचे साबुदाणा, वरई, राजगिरा आणि शिंगाडा हे चारही पदार्थ मुळात ग्लुटेनरहित आहेत. राजगिऱ्याची चिक्की तर कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळते.

मात्र येथेही सावधगिरी सुटत नाही. गोव्याच्या खोबऱ्याच्या बोलिन्यांत रवा असतो, नानकटाईत बेसनाबरोबर मैदा असतो आणि थालीपीठाच्या भाजणीत बहुधा गहू असतो. बाजारातील बांधानी हिंगात अनेकदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, ही बाब तर पुष्कळ कुटुंबांच्या ध्यानातही येत नाही. सर्वात दुर्लक्षित दुवा म्हणजे पिठाची गिरणी. गव्हाच्या दळणानंतर त्याच जात्यावर ज्वारी दळली की पहिल्या काही किलो पिठात गहू उतरतोच. शेतात ग्लुटेनरहित असलेले धान्य गिरणीतून बाहेर पडताना तसे राहत नाही.

किंमत आणि सार्वजनिक व्यवस्था

खात्रीशीर ग्लुटेनमुक्त कुकी साध्या बिस्किटापेक्षा कित्येक पटींनी महाग असते. तपासलेला कच्चा माल, वेगळे यंत्र, प्रत्येक खेपेची चाचणी आणि अल्प खप यांमुळे ही किंमत वाढते. सप्टेंबर २०२५ मध्ये बिस्किटांवरील वस्तू व सेवा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, हा थोडा दिलासा आहे. परंतु मूळ तफावत त्याने भरून निघत नाही. त्यामुळे मध्यमवर्गीय कुटुंब काटकसर करून मुलाचे पथ्य पाळते, तर मजुराच्या मुलाचे निदान झाले तरी पथ्य कागदावरच राहण्याची भीती असते.

इटलीने २००५ मध्ये सिलिअ‍ॅक रुग्णांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. तेथे रुग्णाला वय आणि लिंग यांनुसार ठरलेल्या मासिक मर्यादेपर्यंत ग्लुटेनमुक्त पदार्थ सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेच्या खर्चाने मिळतात. भारताची परिस्थिती वेगळी आहे आणि तोच मार्ग येथे जसाच्या तसा अनुसरता येणार नाही. येथे आधार आहे तो धान्याचा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम २०१३ मध्ये तांदूळ आणि गव्हाबरोबर भरड धान्यांचाही समावेश आहे. कर्नाटकात रास्तभाव दुकानांतून नाचणी आणि ज्वारी दिली जाते. उत्तरेकडील गहूप्रधान राज्यांत निदान झालेल्या रुग्णाच्या शिधापत्रिकेवर गव्हाऐवजी तांदूळ किंवा भरड धान्य देण्याची सोय झाली, तर उपचाराचा पहिला आणि सर्वात मोठा भाग त्याच दुकानात पूर्ण होईल. शाळेतील पोषण आहारात आणि अंगणवाडीच्या शिध्यातही असा पर्याय ठेवता येण्याजोगा आहे.

बिस्किटाचा प्रश्न त्यापुढचा आहे. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरे केले. हैदराबादची भारतीय भरड धान्य संशोधन संस्था आणि म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था यांच्याकडे या धान्यांपासून बिस्किटे व अन्य पदार्थ बनवण्याचे ज्ञान उपलब्ध आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये इतक्या भांडवली अनुदानाची तरतूद करण्यात आली. नाचणीची बिस्किटे बनवणारे महिला बचत गट आज अनेक जिल्ह्यांत आहेत. परंतु त्यांच्या कृतीत थोडी कणीक किंवा गिरणीत थोडा गहू असला, की ते बिस्किट पौष्टिक असूनही सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला निरुपयोगी ठरते. केवळ बिनगव्हाच्या दळणासाठी राखून ठेवलेली एक गिरणी, वेगळी भट्टी आणि प्रयोगशाळेची नियमित तपासणी एवढी जोड मिळाल्यास त्याच गटाला नवी बाजारपेठ आणि रुग्णाला परवडणारे बिस्किट मिळू शकते.

समारोप

ग्लुटेनमुक्त म्हणजे अधिक आरोग्यदायी, असा समज शहरी भागात पसरतो आहे. तो निराधार आहे. अशा अनेक कुकींत तंतुमय घटक कमी आणि साखर व स्निग्धांश अधिक असतात. निरोगी व्यक्तीने गहू सोडण्याचे कारण नाही आणि सिलिअ‍ॅकच्या रुग्णानेही कुकी मर्यादेतच खावी. ज्याला पर्याय नाही, त्याची निवड मात्र सुरक्षित, चविष्ट आणि आवाक्यातली असावी, ही मागणी न्याय्य आहे.

विद्यार्थी मित्रहो, प्रशासनात, अध्यापनात किंवा आरोग्यसेवेत जाणाऱ्यांच्या हाती या साखळीतील एकेक दुवा येणार आहे. अन्न निरीक्षकाने पुड्यावरील दावा तपासून पाहणे, शाळाप्रमुखाने वर्गातील एका मुलासाठी वेगळा खाऊ ठेवणे, वैद्यकीय अधिकाऱ्याने न हटणाऱ्या रक्तक्षयामागे सिलिअ‍ॅकची शंका घेणे आणि पुरवठा अधिकाऱ्याने एका शिधापत्रिकेवरील धान्य बदलून देण्याचा प्रस्ताव पाठवणे, ही कामे स्वतंत्रपणे लहान आहेत. ती झाली, तर मधल्या सुट्टीत आपला डबा उघडणाऱ्या त्या मुलाला नाचणीची एक खमंग कुकी निर्धास्तपणे खाता येईल आणि शेजारच्या मित्रालाही देता येईल.